मार एका बाजूला, मग भोकं दोन्हीकडे कशी? चेहऱ्याच्या थ्रीडी चित्राची गोष्ट

सीटी रूमच्या बाहेर एका बाईंनी मोबाईल माझ्यापुढे धरला आणि म्हणाल्या, "दादा, ह्यांना मार तर डाव्या बाजूला लागलाय, मग उजव्या डोळ्याच्या खाली पण भोक का दिसतंय?" मोबाईलवर कवटी गरागरा फिरत होती. असले व्हिडिओ हल्ली बहुतेकांनी पाहिलेले असतात, कुणी गाडीवरून पडलं, कुणाला खेळताना तोंडावर बॉल लागला की फॅमिली ग्रुपवर ते येऊन पडतातच, मागे काळा पडदा, पुढे हस्तिदंती रंगाचं हाड आणि खाली "लवकर बरे व्हा". बाईंचं निरीक्षण मात्र एकदम बरोबर होतं, दोन्ही डोळ्यांच्या खोबणीच्या तळाला भोकं दिसत होती.

मी सीटी टेक्निशियन. म्हणजे पेशंटला मशीनवर झोपवणारा, "हलू नका, आवंढा गिळू नका" म्हणणारा, आणि डॉक्टरांनी "जरा थ्रीडी काढून दे रे" म्हटलं की ते काढून देणारा माणूस. रिपोर्ट मी देत नाही, ते काम रेडिओलॉजिस्टचं. पण ते फिरणारं चित्र माझ्याच हातून बनतं, त्यामुळे त्यात खरं किती आणि माऊसची करामत किती हे सांगायचा थोडाफार हक्क मला आहे असं मी धरून चालतो. बाईंना उभ्या उभ्या उत्तर दिलं खरं पण ते धड झालं नाही, ते इथे नीट देतो.

आधी सावलीपासून सुरुवात करू

१८९५ च्या नोव्हेंबरमधे विल्हेल्म राँटगेन यांना एक्स-रे सापडले आणि माणसाला पहिल्यांदा कातडी न फाडता आतलं हाड दिसलं. पण साधा एक्स-रे म्हणजे शेवटी सावलीच. लहानपणी लाइट गेल्यावर मेणबत्तीपुढे हात धरून आपण भिंतीवर हरीण काढायचो, त्यात पुढचं बोट कुठलं मागचं कुठलं हे भिंतीवर कधीच कळायचं नाही, सगळं एकात एक मिसळून जायचं. एक्स-रेचं तसंच आहे, पुढचं आणि मागचं एकाच कागदावर येतं.

हाताला पायाला हे चालून जातं, कारण तिथे हाडं सुटी सुटी लांबट असतात. चेहऱ्यात मात्र १४ हाडं एकमेकांत खोचून बसवलेली, त्यांच्या मागे मेंदूभोवतीची आणखी ८, वर दात, आणि मधे हवेच्या पोकळ्या. म्हणजे एकाच भिंतीवर वीस-बावीस जणांची सावली पडलीय आणि तुम्हाला विचारलंय की यातल्या कुणाची करंगळी मोडलीय ते सांगा. पूर्वीचे डॉक्टर हनुवटी वर करून, मान तिरकी करून वेगवेगळ्या अँगलने एक्स-रे काढायचे आणि त्यातून बरंच काही ओळखायचेही, त्यांच्या नजरेला खरंच मानलं पाहिजे. पण गालाच्या हाडाची बारीक चीर त्यातून निसटायची ती निसटायचीच.

सीटी वेगळं काय करतं

आता विचार करा की अंधाऱ्या खोलीत एक वस्तू ठेवलीय आणि तुम्ही तिच्याभोवती गोल फिरत शेकडो ठिकाणांहून टॉर्च मारताय, प्रत्येक वेळी पलीकडे पडलेली सावली लिहून ठेवताय. एका सावलीवरून वस्तू कळणार नाही पण सगळ्या एकत्र करून कुणी हिशेब मांडला तर ती आतून बाहेरून कशी आहे ते काढता येईल. सीटी स्कॅन हेच करतो, एक्स-रेची नळी तुमच्याभोवती फिरते आणि हिशेब कॉम्प्युटर करतो. गॉडफ्रे हाउन्सफिल्ड या इंजिनिअरने हे मशीन बनवलं आणि १ ऑक्टोबर १९७१ ला लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्ली हॉस्पिटलमधे पहिल्या पेशंटच्या मेंदूचा स्कॅन झाला. पुढे १९७९ चं नोबेल त्यांना आणि ह्यामागचं गणित स्वतंत्रपणे मांडलेल्या ॲलन कॉरमॅक यांना मिळून मिळालं.

हिशेबातून जे हाती येतं त्याला आम्ही स्लाइस म्हणतो, मराठीत काप म्हणू. पत्त्यांचा कॅट डोळ्यापुढे आणा, प्रत्येक पत्ता म्हणजे चेहऱ्याचा एक आडवा काप, कपाळापासून हनुवटीपर्यंत एकावर एक रचलेला. प्रत्येक कापावर बारीक चौकोन आखलेले असतात, आणि कापाला जाडी असल्यामुळे प्रत्येक चौकोन हा खरं तर एक पिटुकला ठोकळा असतो, ह्याला व्हॉक्सेल म्हणतात, मी ठोकळाच म्हणणार. हाउन्सफिल्डच्या पहिल्या स्कॅनमधे एका कापात ८० गुणिले ८० म्हणजे ६,४०० चौकोन होते, आज साधारण ५१२ गुणिले ५१२ असतात, म्हणजे अडीच लाखांच्या वर.

प्रत्येक ठोकळ्यात चित्र नसतं, एक आकडा असतो. पाण्याला शून्य धरायचं, हवेला उणे १०००, चरबी उणे शंभरच्या आसपास, स्नायू चाळीस-साठ, आणि टणक हाड हजाराच्याही वर. ह्या आकड्यांना हाउन्सफिल्ड युनिट म्हणतात. पुढच्या सगळ्या भानगडी ह्यातूनच सुरू होतात म्हणून हे एवढं लक्षात असू द्या, मशीनमधून बाहेर पडतो तो फोटो नसतोच, आकड्यांचा ढीग असतो, आणि त्याला रंगरूप नंतर कुणीतरी बसून देतं.

आणि ठोकळ्यात आकडा भरतो तो सरासरीचा. एका खोलीत सहा फुटी बाप आणि तीन फुटी पोरगं उभं आहे, सरासरी उंची साडेचार फूट, पण साडेचार फुटांचं त्या खोलीत कुणीच नाही. तसंच एका ठोकळ्यात थोडं पातळ हाड आणि बाकी हवा असेल तर आकडा येतो मधलाच काहीतरी, ना हाडाचा ना हवेचा. म्हणून चेहऱ्यासाठी काप पातळ घ्यावे लागतात, एक मिलिमीटर किंवा त्याहून कमी. जाड कापात केसाएवढी चीर सरासरीत विरघळून जाते.

आकड्यांची कवटी कशी होते

सगळे काप एकावर एक रचले की आकड्यांनी भरलेला एक मोठा ठोकळा तयार होतो. त्यातून हाड वेगळं काढायचं कसं? इथे धरणाचं उदाहरण मला सगळ्यात बरं वाटतं. धरण भरलेलं असताना आत काय आहे दिसत नाही, पाणी उतरत गेलं की आधी उंच टेकड्यांचे माथे वर येतात, मग बुटक्या टेकड्या, मग बांध, जुन्या वाटा. थ्रीडी काढताना मी कॉम्प्युटरला अशीच एक पातळी देतो, ह्याच्यावरचे आकडे दाखव, खालचे बुडव. पातळी वर ठेवली तर फक्त टणक हाड आणि दात उरतात, थोडी खाली आणली की पातळ हाडं वर येतात, आणखी खाली आणली की स्नायू, आणि खूपच खाली आणली तर कातडीसकट आख्खा चेहरा, बंद पापण्या, नाक, सुजलेला ओठ सगळं.

ह्या पातळीवरून एकसंध पृष्ठभाग विणायची एक प्रसिद्ध रीत विल्यम लॉरेन्सन आणि हार्वी क्लाइन यांनी १९८७ साली मांडली, त्यानंतर ही चित्रं बघता बघता सगळीकडे पसरली. आता तर सॉफ्टवेअर खोटा प्रकाश सोडून सावल्यासुद्धा पाडतं, इतक्या खऱ्या वाटतात की पेशंट विचारतात "एवढा भारी फोटो आतून कसा काढला?" प्रकाश खोटा, सावल्या खोट्या, तो हस्तिदंती रंगही मी मेनूमधून निवडलेला. आकार तेवढा खरा, तोही मी दिलेल्या पातळीपुरता.

म्हणजे ती भोकं?

डोळ्याची खोबण सात हाडं मिळून बनते. कडा चांगली जाड, भुवईखाली बोट फिरवलं की लागते ती. पण तळ आणि नाकाकडची भिंत भयंकर पातळ, नाकाकडच्या भिंतीला तर शरीरशास्त्रात लॅटिन नावच पडलंय ज्याचा अर्थ कागदी पापुद्रा. एवढ्या पातळ हाडाच्या एका बाजूला डोळ्याची चरबी आणि दुसऱ्या बाजूला सायनसची हवा, म्हणजे ठोकळ्यात सरासरी पडली, आकडा घसरला, मी दिलेल्या पातळीच्या खाली गेला. बुटकी टेकडी पाण्याखाली राहिली, आणि चित्रात तिथे भोक दिसलं.

बाईंच्या नवऱ्याच्या उजव्या खोबणीतलं भोक हे असलं होतं. तिथलं हाड शाबूत होतं, कापांवर पांढरी रेघ सलग दिसत होती. डाव्या बाजूला मात्र खरंच मोडलं होतं पण गंमत अशी की थ्रीडीत डाव्या बाजूला दिसणारं भोक आणि खरं मोडलेलं ठिकाण ह्यात सुद्धा फरक होता. म्हणजे चित्र एका बाजूला नसलेलं सांगत होतं आणि दुसऱ्या बाजूला असलेलं नीट सांगत नव्हतं.

उलटही होतं. तडा गेलाय पण हाड जागचं हललं नाही अशा ठिकाणी सॉफ्टवेअर पृष्ठभाग गुळगुळीत करताना तडा लिंपून टाकतं, आपण भिंतीला पुट्टी मारतो तसं. दातांत धातूचं फिलिंग असेल तर चारी दिशांना किरणं फुटल्यासारखे काटे येतात आणि जबडा साळिंदरासारखा दिसतो. आणि स्कॅन चालू असताना पेशंट जरासा हलला तर जबड्यात मस्त पायरी पडते, अगदी मोडल्यासारखी. आमची ह्यावरची जुनी युक्ती अशी की कातडी पण दिसेल अशी पातळी लावून बघायचं, त्याच उंचीवर कातडीलाही पायरी पडलेली असेल तर हाड नाही मोडलं, पेशंटने आवंढा गिळलाय.

मग चेहरा मोडतो तरी कसा

चेहऱ्याचं बांधकाम एखाद्या हलक्या इमारतीसारखं आहे. जाड हाडांचे उभे खांब आणि आडव्या तुळया, मधे हवेच्या रिकाम्या खोल्या आणि त्यांच्या पातळ भिंती. चावताना येणारा जोर हे खांब वर कवटीकडे पोचवतात. मार लागला की आधी भिंती ढासळतात, जोर जास्त असेल तर खांब.

फ्रान्समधल्या रेने ल फॉर यांनी मृतदेहांच्या डोक्यांवर वेगवेगळ्या ठिकाणी आघात करून बघितले आणि १९०१ साली लिहून ठेवलं की चेहरा वाटेल तसा नाही मोडत, तो काही ठरावीक रेषांवर मोडतो. पहिल्या प्रकारात दातांसकट वरचा जबडा सुटतो, दुसऱ्यात नाकासकट मधला त्रिकोण, तिसऱ्यात आख्खा चेहराच कवटीपासून वेगळा होतो. आजही डॉक्टर "ल फॉर टू आहे" असं म्हणतात ते ह्यामुळे. प्रत्यक्षात एका बाजूला एक प्रकार आणि दुसऱ्या बाजूला दुसरा, अशी खिचडी पुष्कळदा असते, आणि अशा वेळी थ्रीडी कवटी समोर फिरवली की दहा मिनिटांची चर्चा एका मिनिटात संपते. कुठला तुकडा कुठे सरकलाय, किती फिरलाय, हे दीडशे काप डोक्यात रचत बसण्यापेक्षा चित्रात झटकन कळतं.

खालच्या जबड्याचंही तसंच. तो बांगडीसारखा वागतो, काचेची बांगडी सहसा एकाच ठिकाणी तुटत नाही, बहुतेक वेळा दोन तुकडे होतात. हनुवटीवर आपटलेला माणूस हनुवटी धरून येतो आणि दुसरं फ्रॅक्चर सापडतं कानाच्या पुढे, जिथे जबड्याचं बिजागर असतं. तोंड उघडताना कानापुढे दुखत असेल तर ते सांगायला लाजू नका, पुष्कळ जण हनुवटीच्या टाक्यांच्या नादात ते सांगतच नाहीत.

आणि गालाचं हाड! पहिल्या दोन-चार दिवसांत सूज एवढी असते की गाल उलट फुगलेला दिसतो, घरच्यांना वाटतं सूज उतरली की झालं. सूज उतरल्यावर कळतं की गाल चपटा झालाय, वरचा ओठ आणि गाल बधिर आहे कारण तिथून जाणारी नस दबलीय, आणि हाडाची कमान आत दबून स्नायूला अडत असेल तर तोंडही पूर्ण उघडत नाही. थ्रीडीला सुजेशी काही घेणंदेणं नाही, ते पहिल्या दिवशीच सांगतं हाड किती आत गेलंय, विशेषतः कवटी खालून वर बघितल्यासारखी धरली की दोन्ही गालांतला फरक पोरालाही कळेल.

मग निदान थ्रीडीवरच का करत नाहीत?

हा प्रश्न येतोच. कारण निदानाला लागणाऱ्या पुष्कळ गोष्टी चित्राच्या आत किंवा मागे लपलेल्या असतात. वर सांगितलेले ल फॉरचे तिन्ही प्रकार म्हणायला एक अट आहे, वरच्या जबड्याच्या पार मागे पंखासारखे दोन पातळ पापुद्रे असतात, ते मोडलेले असायला हवेत. समोरून कवटी कितीही फिरवा, ते जबड्याच्या आड जातात. कापांवर ते सरळ दिसतात.

डोळ्याचं तर विचारूच नका. बॉल किंवा ठोसा डोळ्यावर बसला की खोबणीचा पातळ तळ फुटून खालच्या सायनसमधे जातो, ह्याला ब्लोआउट म्हणतात. फुटक्या तळातून डोळ्याभोवतीची चरबी खाली लोंबते, कधी डोळा फिरवणारा स्नायू त्यात अडकतो, मग वर बघताना एकाचे दोन दिसतात. तळ मोठा फुटला तर खोबणीतली जागा वाढते आणि डोळा हळूहळू आत बसतो. चरबी किती उतरली, स्नायू अडकला का, हे हाडाच्या थ्रीडीत दिसणार कसं, चरबी आणि स्नायू तर आपण पाण्याखाली बुडवून टाकलेत! ते बघायला आकड्यांचा तोच ढीग वेगळ्या दिशेने कापायचा, कानापासून कानापर्यंत उभा पडदा धरल्यासारखा, ह्याला कोरोनल म्हणतात. पत्त्यांचा कॅट तोच, फक्त कड धरून उभा कापला.

लहान मुलांच्या बाबतीत हे अजून गंभीर आहे. मुलांचं हाड लवचिक असतं, तळाला चीर पडते, झडपेसारखी उघडते आणि स्नायू आत पकडून परत बंद होते. उंदराच्या सापळ्यासारखं. थ्रीडीत काहीच नाही, अगदी नॉर्मल. बाहेरून डोळा पांढराशुभ्र, ना सूज ना रक्त. पण मूल वर बघू शकत नाही, उलट्या करतं, कधी नाडीचे ठोके मंदावतात कारण अडकलेल्या स्नायूवरचा ताण नसांमार्फत हृदयापर्यंत पोचतो. घरच्यांना आणि कधी कधी डॉक्टरांनाही वाटतं मेंदूला मार बसलाय. ह्यात उशीर चालत नाही, स्नायू वाचवायचा तर ऑपरेशन लवकर करावं लागतं. डोळ्याला मार लागलेलं मूल वर बघताना रडत असेल किंवा ओकत असेल तर "डोळा तर छान दिसतोय" ह्यावर जाऊ नका. आणि कुणालाही, कुठल्याही वयात, मारानंतर दिसायचं कमी झालं तर तेव्हा स्कॅनची नाही, डोळ्याच्या डॉक्टरची घाई करायची.

मग एवढा खटाटोप कशासाठी?

समजण्यासाठी आणि समजावण्यासाठी, आणि हे काम छोटं नाही. ऑपरेशनच्या फॉर्मवर सही करणाऱ्या माणसाला करडे काप दाखवून काही उपयोग नसतो, तो मान डोलावतो आणि बाहेर येऊन आम्हाला विचारतो नक्की काय झालंय. थ्रीडी दाखवलं की तो स्वतःच्या गालाला हात लावतो आणि म्हणतो "हां, इथे".

सर्जन लोकांची ही गरज जुनीच आहे. पहिल्या महायुद्धात खंदकातून डोकं वर काढणाऱ्या सैनिकांचे चेहरे उडाले, तेव्हा इंग्लंडमधे हॅरल्ड गिलीज यांनी त्यांची दुरुस्ती करायला घेतली, १९१७ मधे सिडकपला त्यासाठी खास हॉस्पिटल सुरू झालं. तिथे प्लास्टरचे साचे घेऊन चेहऱ्यांच्या प्रतिकृती बनवायचे, समोर ठेवून ऑपरेशन कसं करायचं ठरवायचे. गिलीजबरोबर हेन्री टाँक्स होते, मूळचे सर्जन आणि नंतर चित्रकार झालेले, त्यांनी जखमी चेहऱ्यांची पेस्टलमधे चित्रं काढली. फोटोग्राफी होती की तेव्हा! तरी साचे आणि चित्रं लागली, कारण फोटोत खोली कळत नाही आणि जखमेतलं नेमकं काय महत्त्वाचं हे फोटो सांगत नाही, चित्रकार सांगतो. मी थ्रीडी काढताना नको असलेली मान आणि मणके कापून टाकतो, जबडा फिरवून नेमका अँगल धरतो, तेव्हा प्रकार तोच चाललेला असतो, फक्त हातात पेस्टलच्या जागी माऊस.

आता तर त्याच्या पुढचं काम चालतं. सॉफ्टवेअर चांगल्या बाजूची आरशातली प्रतिमा काढून मोडलेल्या बाजूवर ठेवतं, म्हणजे गाल मुळात कुठे असायला हवा त्याचा अंदाज येतो. अंदाजच, कारण कुणाचेच दोन गाल शंभर टक्के सारखे नसतात, आरशात नीट बघा. त्या मॉडेलची थ्रीडी प्रिंटरवर प्रत काढून टायटॅनियमची पट्टी आधीच तिच्यावर वाकवून ठेवतात, मग ऑपरेशनमधे पेशंट भुलीत असताना पट्टी वाकवत बसायचा वेळ वाचतो.

थ्रीडीसाठी जास्त रेडिएशन लागतं का?

नाही. थ्रीडी हे त्याच आकड्यांवर नंतर कॉम्प्युटरवर बनतं, पेशंट तोवर घरी गेलेला असला तरी चालतं. रेडिएशन लागतं ते मूळ स्कॅनला. चेहऱ्याच्या सीटीचा डोस मशीननुसार बदलतो, साधारण १ मिलिसिव्हर्टच्या (हे रेडिएशन मोजायचं माप) आगेमागे, आणि जमिनीतून, हवेतून, आकाशातून आपल्याला काही न करता वर्षाला जगभरात सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतच असतात. म्हणजे घाबरण्यासारखं नाही पण हौसेने काढण्यासारखंही नाही, डोळ्याचं भिंग रेडिएशनला नाजूक असतं आणि मुलांच्या बाबतीत जास्तच जपायचं. नुसतं नाक मोडलंय असं वाटत असेल तर बऱ्याचदा सीटी लागतच नाही, डॉक्टर हाताने आणि डोळ्याने ठरवतात.

कोर्टात हेच चित्र दाखवलं तर?

मारहाणीच्या, अपघाताच्या केसमधे थ्रीडी चित्र पुढे येतं आणि त्याचा एक फायदा खरा आहे, रक्ताळलेल्या चेहऱ्याचा फोटो बघून माणूस हादरतो आणि विचार करायचा थांबतो, कवटीचं स्वच्छ चित्र शांतपणे बघता येतं. स्वित्झर्लंडमधे बर्न विद्यापीठात मायकेल थाली आणि सहकाऱ्यांनी व्हर्टॉप्सी नावाचं काम १९९० च्या दशकाच्या शेवटी सुरू केलं, मृतदेह न उघडता सीटी आणि पृष्ठभागाचे स्कॅन घेऊन जखमा नोंदवायच्या, जखमेचा आकार आणि संशयित हत्याराचा आकार थ्रीडीत एकमेकांशी जुळवून बघायचे.

पण वर सांगितलेली पातळीची आणि रंगाची भानगड इथे फार महत्त्वाची होते. तडा मी लालभडक रंगवू शकतो, तोच तडा करडा ठेवू शकतो, हाड तेच आणि बघणाऱ्याच्या मनावर परिणाम वेगळा. खोटं भोक "फ्रॅक्चर" म्हणून दाखवता येतं, आणि खरं फ्रॅक्चर पातळी खालीवर करून लिंपताही येतं. म्हणून माझं स्पष्ट मत, असं चित्र एकटं दाखवूच नये, बरोबर मूळ काप हवेत, ते कुठल्या सेटिंगवर बनवलं ते लिहिलेलं हवं, आणि रंग भरले असतील तर तसं सांगितलेलं हवं. आणि हाड कसं मोडलं ह्याचा अंदाज चित्र देतं, कुणी मोडलं हे कुठलंच चित्र सांगत नाही.

मोबाईलने चेहरा स्कॅन करता येतो म्हणतात, मग सीटी कशाला?

ते स्कॅन कातडीचं. अनेक कॅमेऱ्यांनी एकाच क्षणी फोटो घेऊन किंवा चेहऱ्यावर प्रकाशाच्या रेषा टाकून बाहेरचा आकार काढतात, काही मोबाईलही हे बऱ्यापैकी करतात. रेडिएशन शून्य, त्यामुळे सूज किती उतरली, व्रण कसा भरतोय हे महिन्या-महिन्याला बघायला उत्तम, आणि जखमेचा, काळ्यानिळ्या डागांचा खरा रंगही त्यात येतो जो सीटीत कधीच येत नाही. हाडाबद्दल मात्र ते काहीही सांगू शकत नाही.

तो व्हिडिओ ग्रुपवर टाकू का?

नुसत्या हाडाचा व्हिडिओ असेल तर तुमची मर्जी. पण सेंटरमधून मिळालेली पूर्ण सीडी डॉक्टर सोडून कुणालाही पाठवू नका, नाव खोडून सुद्धा नाही. धरणाचं पाणी आठवा, पातळी खाली आणली की त्याच आकड्यांतून कातडीसकट तुमचा चेहरा तयार होतो. अमेरिकेत मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी २०१९ मधे ८४ लोकांचे डोक्याचे एमआरआय घेतले, नावं काढून टाकली, त्यातून चेहरे बनवले आणि फोटो ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरला दिले, ८४ पैकी ७० जण बरोबर ओळखले गेले. ते एमआरआय होतं, पण चेहरा बनवायची युक्ती सीटीलाही तीच.

सीडी स्वतःकडे मात्र नक्की मागून घ्या, आणि मागताना "थिन कट्स पण टाका", म्हणजे ते पातळ काप, एवढं म्हणा. फिल्मवर निवडक चित्रं असतात, मोबाईलवर तर फक्त फिरती कवटी, दुसऱ्या डॉक्टरकडे गेलात तर त्यांना ह्या दोन्हीचा फारसा उपयोग नसतो. त्या बाईंनी सीडी नेली, दोन दिवसांनी सर्जनकडून परत आल्या तेव्हा मोबाईलवर नवीन फोटो होता, करडा, कंटाळवाणा, उभा काप. त्यांनीच मला बोट ठेवून दाखवलं, "हे बघा दादा, इथे ह्यांची चरबी खाली लोंबतीय, आणि उजवीकडे रेघ सरळ आहे."